रासायनिक अभिक्रियेत किती मोल पाणी तयार होतं? मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर असा करा हिशोब

आज घरी एक गोष्ट करून बघा. स्टीलच्या पातेल्यात थंड पाणी भरा, पातेलं बाहेरून कोरडं पुसा आणि गॅसवर ठेवा. पहिल्या अर्ध्या मिनिटात जरा वाकून बुडाकडे बघा. बाहेरच्या बाजूला धुकं धरल्यासारखा ओलावा दिसेल, कधी कधी बारीक थेंबही. पातेलं गळत नाहीये. ते पाणी ज्योतीतून आलंय. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते, ती थंड बुडाला लागून पाणी होते आणि पातेलं तापलं की पुन्हा उडून जाते.

आता प्रश्न असा, की १४.२ किलोचा एक अख्खा सिलिंडर संपेपर्यंत असं किती पाणी तयार होत असेल? एक तांब्या? एक कळशी? उत्तर आहे साधारण २२ ते २३ लिटर. म्हणजे सिलिंडरमध्ये जितका गॅस असतो त्याच्या वजनापेक्षा जास्त पाणी! हे उत्तर कसं काढायचं तेच या लेखात बघूया. नववीच्या पुस्तकात मोल पहिल्यांदा भेटतो, अकरावीत परत येतो आणि नीट, जेईई, सीईटीपर्यंत पाठ सोडत नाही. पण हा हिशोब फक्त मार्कांसाठी नाही. पुढे बाथरूममधल्या गॅस गिझरचं उदाहरण आहे, ते न चुकवता वाचा.

मोल म्हणजे नक्की काय?

केळी आपण डझनात मोजतो, कागद रीममध्ये. तसे अणू-रेणू मोलमध्ये मोजतात. रेणू इतके लहान असतात की डझनाने काम भागत नाही, म्हणून आकडा खूप मोठा घेतला आहे: ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात. यालाच ॲव्होगॅड्रो अंक म्हणतात. २० मे २०१९ पासून मोलची व्याख्या थेट या आकड्यावरच बांधलेली आहे. त्याआधी ती १२ ग्रॅम कार्बनवरून ठरायची.

हा आकडा हिशोबात जवळजवळ कधीच वापरावा लागत नाही. लागतं ते रेणुवस्तुमान. पाण्याच्या रेणूत २ हायड्रोजन आणि १ ऑक्सिजन. हायड्रोजनचं अणुवस्तुमान १, ऑक्सिजनचं १६. म्हणजे २ + १६ = १८. म्हणून १ मोल पाणी म्हणजे १८ ग्रॅम पाणी, चहाचे साडेतीन चमचे. आणि १ लिटरची बाटली म्हणजे साधारण ५५.५ मोल पाणी. पुढच्या वेळी कोणी मोल म्हणजे काय असं विचारलं, तर त्याच्यासमोर साडेतीन चमचे पाणी ठेवा.

मोल लागतातच कशाला, सरळ ग्रॅममध्ये का नाही करायचं?

इथेच बहुतेक जण घसरतात. मीसुद्धा अकरावीत घसरलो होतो, आणि पूर्ण पाच मार्कांना. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी होतं त्याचं समीकरण बघा:

२ हायड्रोजन + १ ऑक्सिजन → २ पाणी

(इथे आणि पुढे सगळीकडे हायड्रोजन म्हणजे दोन अणूंचा हायड्रोजन रेणू, ऑक्सिजन म्हणजे दोन अणूंचा ऑक्सिजन रेणू.) मी वाचलं, २ ला १ लागतो. म्हणून २ ग्रॅम हायड्रोजनला १ ग्रॅम ऑक्सिजन लावून मोकळा झालो. पण समीकरणातले आकडे ग्रॅम सांगत नाहीत, रेणूंची संख्या सांगतात. हायड्रोजनचा रेणू २ वजनाचा, ऑक्सिजनचा ३२ वजनाचा. वजनात बघितलं तर ४ ग्रॅम हायड्रोजनला ३२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणजे १ ला ८. जिथे मी २ ला १ धरलं होतं, तिथे प्रत्यक्षात १ ला ८ होतं!

समीकरणाला फक्त मोलची भाषा कळते. तुमच्या हातातला तराजू ग्रॅममध्ये बोलतो. म्हणून आधी ग्रॅमचे मोल करायचे, समीकरणातून पलीकडे जायचं, आणि हवं असेल तर परत ग्रॅम करायचे. संपूर्ण पद्धत एवढीच. ग्रॅमला रेणुवस्तुमानाने भागा, आलेले मोल पाण्याच्या गुणांकाने गुणा आणि त्या पदार्थाच्या गुणांकाने भागा. पाण्याचे मोल मिळाले. त्याला १८ ने गुणलं की पाण्याचे ग्रॅम.

अट एकच: समीकरण संतुलित हवं. दोन्ही बाजूंना प्रत्येक मूलद्रव्याचे अणू सारखे हवेत. असंतुलित समीकरणावर केलेला हिशोब कितीही सुबक लिहिला तरी चुकतोच.

सिलिंडरचा हिशोब

आपल्या घरच्या एलपीजीत मुख्यतः ब्युटेन आणि प्रोपेन असतात. प्रमाण बदलत राहतं. मग हिशोब कसा करणार? सोपं आहे, दोन्ही टोकं काढायची.

आधी धरूया की सगळा गॅस ब्युटेनच आहे. ब्युटेनच्या रेणूत ४ कार्बन, १० हायड्रोजन. रेणुवस्तुमान ४८ + १० = ५८.

२ ब्युटेन + १३ ऑक्सिजन → ८ कार्बन डायऑक्साइड + १० पाणी

१४.२ किलो म्हणजे १४,२०० ग्रॅम. भागिले ५८, उत्तर २४४.८ मोल ब्युटेन. समीकरणात २ ब्युटेनला १० पाणी, म्हणजे १ ला ५. २४४.८ गुणिले ५ = १,२२४ मोल पाणी. गुणिले १८, साधारण २२,००० ग्रॅम. म्हणजे २२ किलो.

आता सगळा प्रोपेन धरू. ३ कार्बन, ८ हायड्रोजन, रेणुवस्तुमान ४४.

१ प्रोपेन + ५ ऑक्सिजन → ३ कार्बन डायऑक्साइड + ४ पाणी

१४,२०० भागिले ४४ = ३२२.७ मोल. गुणिले ४ = १,२९१ मोल पाणी. गुणिले १८, साधारण २३.२ किलो.

तुमच्या सिलिंडरमध्ये दोघांचं मिश्रण कसंही असो, उत्तर २२ आणि २३.२ च्या मध्येच येणार. परीक्षेत असं कोणी विचारत नाही, पण खऱ्या आयुष्यात पूर्ण माहिती नसताना हिशोब करायची ही पद्धत मला फार आवडते.

१४ किलोतून २२ किलो आले कुठून? हवेतून. ब्युटेनचंच धरलं तर २४४.८ मोल जाळायला त्याच्या साडेसहा पट ऑक्सिजन लागतो, म्हणजे १,५९१ मोल, वजनात जवळजवळ ५१ किलो. तो आपल्या स्वयंपाकघरातल्या हवेतून फुकट येतो म्हणून लक्षात राहत नाही. आता ताळा करून बघा. गॅस १४.२ आणि ऑक्सिजन ५०.९, मिळून ६५.१ किलो. पलीकडे पाणी २२ आणि कार्बन डायऑक्साइड ४३.१, मिळून ६५.१ किलो. द्रव्य अक्षय्यतेचा नियम म्हणतो तो हाच. कुठलंही उत्तर आलं की हा ताळा करायची सवय लावा. आपलं आपण तपासता येणारे विषय कमीच असतात.

कॅल्क्युलेटरवर होणारी चूक

वरचं गणित मोबाईलवर करताना अनेक जण रेणुवस्तुमान वेगळं काढत नाहीत, सगळं एका दमात टाइप करतात. १४२०० ÷ ४ × १२ + १० × १. उत्तर येतं ४२,६१०. बरोबर उत्तर आहे २४४.८! कॅल्क्युलेटरची चूक नाही. त्याने नियमाप्रमाणे आधी १४२०० ला ४ ने भागलं, मग १२ ने गुणलं, मग १० मिळवले. त्याला काय माहीत की तुम्हाला खालचं सगळं एकत्र हवं होतं?

म्हणून भागाकाराच्या खालची बाजू कायम कंसात टाका: १४२०० ÷ (४ × १२ + १० × १). बऱ्याच फोनच्या कॅल्क्युलेटरमध्ये कंस सरळ दिसतात. नसतील तर फोन आडवा धरा (ऑटो रोटेट चालू हवं), सायंटिफिक कॅल्क्युलेटर उघडतो. तरीही जमत नसेल तर रेणुवस्तुमान आधी कागदावर काढा. यात कमीपणा काही नाही.

दुसरी चूक किलो आणि ग्रॅमची. १४.२ भागिले ५८ केलं की उत्तर ०.२४ मोल येतं. एका सिलिंडरमध्ये पाव मोल गॅस? म्हणजे १४ ग्रॅम! आकडा आला की तो पटतो का, हे एकदा स्वतःला विचारायचं.

असे बरेच हिशोब करायचे असतील तर शीट्ससारख्या ॲपमध्ये चार रकाने करा: ग्रॅम, रेणुवस्तुमान, पदार्थाचा गुणांक, पाण्याचा गुणांक. पाचव्या रकान्यात सूत्र टाका, पहिला भागिले दुसरा, भागिले तिसरा, गुणिले चौथा. सूत्र खाली ओढलं की सगळी उदाहरणं एकदम सुटतात.

आणि प्रश्नाचा फोटो काढून उत्तर देणारी ॲप्स आणि एआय चॅटबॉट? वापरा, पण त्यांनी दिलेल्या समीकरणातले अणू दोन्ही बाजूंना मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. गुणाकार ते सहसा बरोबर करतात. समीकरण घेताना एखादा गुणांक सुटला की पुढचं सगळं आत्मविश्वासाने चुकतं.

ज्वलनासाठी शॉर्टकट

कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एवढंच असलेला पदार्थ जळत असेल तर समीकरण न लिहिताही पाण्याचे मोल सांगता येतात. रेणूतले हायड्रोजन मोजा आणि २ ने भागा. झालं! पाण्याच्या एका रेणूला दोन हायड्रोजन लागतात, आणि जळताना सगळा हायड्रोजन पाण्यातच जातो. ब्युटेन १०, म्हणून ५. प्रोपेन ८, म्हणून ४. सीएनजी आणि पाइपच्या गॅसमधला मिथेन ४, म्हणून २. सॅनिटायझरमधलं इथेनॉल ६, म्हणून ३. ग्लुकोज १२, म्हणून ६. हो, ग्लुकोजसुद्धा. आपल्या पेशींमध्ये ते ज्वालेविना जळतं आणि १८० ग्रॅम ग्लुकोजमागे ६ मोल, म्हणजे १०८ ग्रॅम पाणी शरीरातच तयार होतं.

थंडीच्या सकाळी सीएनजी रिक्षाच्या सायलेन्सरमधून पाणी टपकताना पाहिलंय? इंजिनात पाणी शिरलं की काय, असं वाटतं. हिशोब करा. १ किलो मिथेन म्हणजे १००० ÷ १६ = ६२.५ मोल. त्याच्या दुप्पट पाणी, १२५ मोल, म्हणजे २.२५ किलो. १ किलो गॅसमागे सव्वादोन किलो पाणी! एरवी ते वाफ होऊन उडून जातं, सायलेन्सर गार असला की टपकतं. पेट्रोलचा हिशोब ऑक्टेन धरून केला तर १ किलोला साधारण १.४ किलो पाणी येतं, म्हणून सीएनजीवर हे जास्त दिसतं. इंजिन चांगलं तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर मात्र गोष्ट वेगळी, गाडी मेकॅनिकला दाखवा.

हायड्रोजन तर नावाप्रमाणेच वागतो. हायड्रोजन या शब्दाचा अर्थच पाणी निर्माण करणारा. लाव्हाझिए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १७८७ मध्ये पॅरिसमध्ये रासायनिक नावांची नवी पद्धत छापली, त्यातलं हे नाव. ३० मार्च २०२२ रोजी नितीन गडकरी टोयोटा मिराई या हायड्रोजन गाडीतून संसदेत गेले होते, आठवतंय? त्या गाडीच्या टाक्यांमध्ये साधारण ५.६ किलो हायड्रोजन मावतो. ५,६०० ÷ २ = २,८०० मोल, तितकेच मोल पाणी, म्हणजे सुमारे ५० लिटर. टाकी भरताना ५.६ किलो, आणि ती संपेपर्यंत रस्त्यावर ५० किलो पाणी.

दोन्ही पदार्थ दिले असतील तर? आधी संपणारा शोधा

आतापर्यंत एकच पदार्थ मोजला आणि ऑक्सिजन हवा तेवढा आहे असं धरलं. परीक्षेतला अवघड प्रश्न दोन्हींचं वजन देतो. उदाहरणार्थ १० ग्रॅम हायड्रोजन आणि ६४ ग्रॅम ऑक्सिजन. पाणी किती?

हायड्रोजन १० ÷ २ = ५ मोल. ऑक्सिजन ६४ ÷ ३२ = २ मोल. आता प्रत्येकाला त्याच्या गुणांकाने भागा. हायड्रोजन ५ ÷ २ = २.५. ऑक्सिजन २ ÷ १ = २. ज्याचा आकडा लहान, तो आधी संपणार. इथे ऑक्सिजन. यालाच लिमिटिंग रिएजंट म्हणतात. पाणी त्याच्यावरूनच मोजायचं: २ मोल ऑक्सिजनला ४ मोल पाणी, म्हणजे ७२ ग्रॅम. हायड्रोजनचे ४ मोल वापरले गेले, १ मोल म्हणजे २ ग्रॅम उरला. ताळा: १० + ६४ = ७४, आणि ७२ + २ = ७४.

बघा, वजनात ऑक्सिजन सहापटीने जास्त होता, तरी तोच आधी संपला. चपात्या लाटायला पीठ भरपूर आहे पण गॅस संपलाय, तशी ही गत. उरलेल्या पिठाचा काही उपयोग नाही.

याचं सगळ्यात भीषण उदाहरण एप्रिल १९७० मध्ये अंतराळात घडलं. अपोलो यानांमध्ये वीज फ्युएल सेलमधून यायची. त्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन वीज आणि पाणी दोन्ही मिळायचं, आणि अंतराळवीर तेच पाणी प्यायचे. अपोलो १३ चंद्राकडे जात असताना ऑक्सिजनच्या एका टाकीचा स्फोट झाला, दुसरीही गळू लागली. हायड्रोजन टाक्यांमध्ये होता. पण ऑक्सिजन गेला, म्हणून फ्युएल सेल बंद. वीजही गेली आणि पाणी तयार होणंही थांबलं. जिम लॉव्हेल, जॅक स्विगर्ट आणि फ्रेड हेझ या तिघांनी चांद्रयानाचा आसरा घेतला आणि पाणी दिवसाला माणशी साधारण २०० मिली इतकं कमी केलं. चांद्रयानातली यंत्रं थंड ठेवायलाही तेच पाणी लागत होतं. चार दिवसांनी ते जिवंत परतले, पण शरीरातलं पाणी खूप कमी झालेलं होतं.

गॅस गिझर आणि बंद बाथरूम

अंतराळ लांब राहिलं, हाच हिशोब आपल्या घरात आहे. समजा बाथरूम दीड मीटर लांब, दीड मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच आहे. म्हणजे ५.४ घनमीटर, ५,४०० लिटर हवा. २५ अंश तापमानाला १ मोल वायू साधारण २४.५ लिटर जागा घेतो. ५,४०० ÷ २४.५ = २२० मोल हवा. त्यात ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे ४६ मोल.

आता आतच बसवलेल्या गिझरने ११६ ग्रॅम गॅस जाळला. नेहमीच्या सहा लिटरच्या इन्स्टंट गिझरला एवढा गॅस जाळायला दहा मिनिटंही लागत नाहीत. ११६ ग्रॅम ब्युटेन म्हणजे बरोबर २ मोल. वरच्या समीकरणाप्रमाणे त्याने १३ मोल ऑक्सिजन खाल्ला आणि १० मोल, म्हणजे १८० ग्रॅम पाणी हवेत सोडलं. दार-खिडकी घट्ट बंद धरली तर ऑक्सिजन उरला ३३ मोल. पाण्याची वाफ सोडून मोजलं तर हवेत साधारण साडेपंधरा टक्के. कामाच्या ठिकाणी १९.५ टक्क्यांच्या खाली गेलेली हवा धोक्याची समजतात.

पण माणूस सहसा ऑक्सिजन कमी झाल्याने आधी मरत नाही. त्याच्या आधी ज्योत अर्धवट जळू लागते:

२ ब्युटेन + ९ ऑक्सिजन → ८ कार्बन मोनॉक्साइड + १० पाणी

दोन्ही समीकरणं शेजारी ठेवून बघा. आधी १३ ऑक्सिजन होते, आता ९. कार्बन डायऑक्साइडच्या जागी कार्बन मोनॉक्साइड आला. आणि पाणी? १० चे १०! हायड्रोजन आपला वाटा आधी घेतो, कमी पडतं ते कार्बनला. म्हणजे आरशावर धरणारी वाफ, भिंतीला सुटणारा घाम, गिझरचं गरम पाणी, सगळं नेहमीसारखंच दिसतं. पाण्याच्या मोलवरून विषारी हवा ओळखता येत नाही.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. गॅस गळतो तेव्हा येणारा उग्र वास मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा असतो, जळून गेल्यावर तो राहत नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, चक्कर येते, आणि माणूस आतून कडी लावलेल्या बाथरूममध्ये कोसळतो.

त्यामुळे गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत हवा आणि त्याचा धूर घराबाहेर जायला हवा. तुमच्याकडे तो आत असेल तर बाहेर हलवेपर्यंत आत शिरण्याआधी बादली भरून घ्या, गिझर बंद करा, हवा खेळू द्या आणि मग आंघोळ करा. भाड्याची खोली असेल तर घरमालकाला हा हिशोब दाखवा. कोणी आत बेशुद्ध सापडलं तर दार उघडून त्याला आधी मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि १०८ ला फोन करा. स्वतः श्वास रोखून पटकन बाहेर या, आत थांबून शुद्धीवर आणत बसू नका.

ज्वलनाशिवाय तयार होणारं पाणी

आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार आणि पाणी तयार होतं, हे उदासिनीकरण. इथे ग्रॅमऐवजी मोलॅरिटी दिलेली असते. मोलॅरिटी गुणिले लिटर म्हणजे मोल. २५० मिली ०.५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल म्हणजे ०.१२५ मोल. २०० मिली ०.५ मोलर सोडिअम हायड्रॉक्साइड म्हणजे ०.१ मोल. प्रमाण १ ला १, त्यामुळे सोडिअम हायड्रॉक्साइड आधी संपतं आणि ०.१ मोल, १.८ ग्रॅम पाणी तयार होतं. द्रावणात आधीपासून असलेलं साडेचारशे मिलीच्या आसपास पाणी मोजायचं नाही, ते तयार झालेलं नाही.

खाण्याचा सोडा तापवला तर २ मोल सोड्यातून १ मोल पाणी निघतं. सोड्याचं रेणुवस्तुमान ८४. एका चमच्यात साधारण ४.२ ग्रॅम धरला तर ०.०५ मोल सोडा आणि ०.०२५ मोल पाणी, अर्ध्या ग्रॅमहूनही कमी.

मोरचूद मात्र मजेशीर आहे. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणासाठी लागणारे ते निळे खडे हाताला कोरडे वाटतात, पण कॉपर सल्फेटच्या प्रत्येक रेणूमागे पाण्याचे ५ रेणू स्फटिकात बसलेले असतात. सगळं मिळून रेणुवस्तुमान २४९.७. त्यामुळे १ किलो मोरचूद म्हणजे ४ मोल, आणि त्यातलं पाणी २० मोल, म्हणजे ३६० ग्रॅम. किलोभर मोरचूद विकत घेतला की एक तृतीयांशाहून जास्त पैसे पाण्याचे! अर्थात यात फसवणूक नाही, बोर्डोचं प्रमाण या निळ्या खड्यांवरच ठरवलेलं आहे. प्रयोगशाळेत ते तापवले की पाणी निघून पांढरी पूड उरते, वर पाण्याचा थेंब टाकला की पुन्हा निळी होते. हे घरच्या भांड्यात करू नका, मोरचूद विषारी आहे.

स्वतः करून बघा

२३ ग्रॅम इथेनॉल (रेणुवस्तुमान ४६) पूर्ण जळालं तर किती पाणी? ०.५ मोल इथेनॉल, शॉर्टकटने तिप्पट, म्हणजे १.५ मोल, २७ ग्रॅम.

०.१ मोल सल्फ्युरिक आम्लात ०.१५ मोल सोडिअम हायड्रॉक्साइड टाकलं. प्रमाण १ ला २ आहे, आम्लाला ०.२ मोल लागलं असतं, आहे ०.१५. म्हणून सोडिअम हायड्रॉक्साइडवरून मोजायचं. २ ला २ पाणी, म्हणजे ०.१५ मोल, २.७ ग्रॅम.

शेवटचं थोडं फसवं आहे. ८ ग्रॅम मिथेन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन. मिथेन पूर्ण जळतो असं धरा, म्हणजे १ मिथेनला २ ऑक्सिजन आणि २ पाणी. शॉर्टकट मारून १ मोल उत्तर काढलं असेल तर चुकलं. दोन्ही ०.५ मोल आहेत, पण ०.५ मोल मिथेनला १ मोल ऑक्सिजन हवा होता. ऑक्सिजन आधी संपला. पाणी ०.५ मोल, म्हणजे ९ ग्रॅम, आणि निम्मा मिथेन तसाच उरला.